रिझॉल्व्हच्या टायटल पॅकमध्ये मराठी नीट बसवायचं कसं

डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी तयार टायटल पॅक, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराचे तयार हलते नमुने, ढिगाने मिळतात, फुकट पण आणि विकत पण, आणि डेमोमध्ये एकापेक्षा एक दिसतात. अडचण एवढीच की ते जवळपास सगळे इंग्लिश अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. त्यात 'रामकुंड' टाकलं तर चालून जातं, पण 'त्र्यंबकेश्वर' टाकलं की कुठे अनुस्वार कापला जातो, कुठे शिरोरेघ तुटते, कुठे जोडाक्षरच फुटतं आणि मग एडिट करणारा वैतागून म्हणतो जाऊ दे, इंग्लिशमध्येच टाकू. हे मला अजिबात पटत नाही. नाशिकचा व्हिडिओ, बोलणारी माणसं मराठी, बघणारी मराठी, आणि पाटी तेवढी इंग्लिश, असं कशाला? पॅक तोच ठेवायचा, फक्त त्यातल्या काही सेटिंग देवनागरीसाठी बदलायच्या, आणि त्या कुठल्या हे एकदा कळलं की कुठलाही पॅक घ्या, काम तेच असतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाघाटावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढणारच आहे, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

उदाहरणासाठी एकच पाटी धरून चालू. समजा पंचवटीवर छोटा व्हिडिओ आहे आणि काळाराम मंदिराच्या शॉटवर खाली दोन ओळी हव्यात, वरची ओळ 'काळाराम मंदिर' आणि खालची 'सत्याग्रह : २ मार्च १९३०'. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह याच तारखेला इथे सुरू झाला, त्यामुळे ही ओळ लोकांना स्वच्छ वाचता आलीच पाहिजे, तीन सेकंद येऊन उडून गेली असं नको.

आधी फॉन्ट, मग पॅक

बरेच जण पॅक टाकतात आणि मग फॉन्ट शोधत बसतात, ते उलटं करा. गूगल फॉन्ट्सवर मराठीसाठी चांगले फॉन्ट फुकट आहेत आणि ओपन लायसन्सवर आहेत, म्हणजे क्लायंटच्या कामात वापरले तरी चालतात. माझं पहिलं नाव मुक्ता, 'एक टाईप' या मुंबईच्या मंडळींचा फॉन्ट, सात वजनांत मिळतो, बारीकपासून एकदम जाडपर्यंत, आणि छोट्या साईजलाही वाचता येतो. जरा गुबगुबीत, सणासुदीचा लूक हवा तर बलू, हाताने लिहिल्यासारखं हवं तर कलम, आणि जुन्या छापील पुस्तकासारखं गंभीर काही हवं तर तिरो देवनागरी मराठी. हा शेवटचा मला काळाराम मंदिरासारख्या विषयाला फार शोभतो, कारण त्यात श आणि ल मराठी वळणाचे आहेत, पाकळीचा ल आणि देठाचा श, जे २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी नक्की केलेत. बाकी कितीतरी फॉन्ट उघडले की हिंदी वळणाचे श आणि ल दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलायचं बटण शोधत बसण्यापेक्षा फॉन्टच तसा घेतलेला बरा.

डाउनलोड केलेली झिप उघडली की कधीकधी दोन प्रकारच्या फाईल दिसतात, एक व्हेरिएबल लिहिलेली आणि एक स्टॅटिक नावाचा फोल्डर. स्टॅटिकमधल्या फाईल इन्स्टॉल करा, व्हेरिएबलवाला फॉन्ट टायटलमध्ये नीट वागेलच असं नाही, जाडी निवडायला गेलं की गोंधळ होतो. विंडोजवर राईट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' हा ऑप्शन घ्या, नुसतं इन्स्टॉल केलं तर फॉन्ट वर्डमध्ये दिसतो आणि रिझॉल्व्हमध्ये दिसत नाही असं होऊ शकतं. मग रिझॉल्व्ह पूर्ण बंद करून परत उघडायचं.

आता परीक्षा. एडिट पेजवर इफेक्ट्समध्ये टूलबॉक्स, त्यात टायटल्स, तिथून 'टेक्स्ट प्लस' ओढून टाइमलाईनवर टाका, फुटेजच्या वरच्या ट्रॅकवर. इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे क्लिपच्या सेटिंगच्या पॅनलमध्ये, फॉन्ट निवडा आणि हे शब्द टाईप करा: त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, त्रिरश्मी, दऱ्याखोऱ्या, ॲड. आपल्याच जिल्ह्यातली नावं इतकी जोडाक्षरांची आहेत की वेगळा टेस्ट शोधायची गरजच नाही. 'त्र्यं' एकसंध दिसतोय का बघा. 'त्‌र्‌यं' असं सुटं सुटं, पाय मोडलेलं दिसलं तर जोडाक्षर बनतच नाहीये. 'ब्रह्मगिरी'त दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे ह आणि म एकमेकांत गुंतलेत का, आणि दुसरी म्हणजे 'गि'ची वेलांटी ग च्या आधी आलीये की नंतर. सप्तशृंगीत श च्या खालचा ऋकार जागेवर पाहिजे. दऱ्याखोऱ्यातला तो आडवा अर्धा र कितीतरी फॉन्टमध्ये रफार होऊन वर जाऊन बसतो, तो फॉन्ट मराठीसाठी बाद. आणि 'ॲड.' मधला ॲ नसला तर तिथे चौकोन दिसेल, सत्काराच्या कार्यक्रमात एखादे वकीलसाहेब असतातच, तेव्हा ऐनवेळी धावपळ नको.

रिझॉल्व्हच्या जुन्या व्हर्जनमध्ये टेक्स्ट प्लसमध्ये देवनागरी तुटायची, नुकत्याच आलेल्या व्हर्जनमध्ये परिस्थिती बरीच सुधारलीये. तुमच्याकडे सगळेच फॉन्ट तुटत असतील तर दोष फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअर अपडेट करा. चालू प्रोजेक्ट असेल तर अपडेटच्या आधी बॅकअप घ्या, कारण नव्या व्हर्जनमध्ये उघडलेला प्रोजेक्ट मागच्या व्हर्जनमध्ये परत उघडत नाही.

टाईप कसं करायचं? विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड भाषांच्या सेटिंगमधून जोडता येतो, त्यात फोनेटिक पण आहे. ते जमत नसेल तर मोबाईलवर टाईप करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा आणि तिथून कॉपी पेस्ट. फक्त एक सांगतो, पत्रिका छापणाऱ्याकडून किंवा फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर सरळ पेस्ट करू नका. तो बहुतेक वेळा जुन्या नॉन युनिकोड फॉन्टमध्ये केलेला असतो आणि तुमच्याकडे पेस्ट केला की निरर्थक इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं येतात. एकतर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, नाहीतर पत्रिका समोर ठेवून परत टाईप करा. दोन ओळींसाठी परत टाईप करणंच लवकर होतं.

पॅक टाकणं

यात फार काही नाही. डॉट डीआरएफएक्स फाईल असेल तर डबल क्लिक, रिझॉल्व्ह विचारतं इन्स्टॉल करू का, हो म्हणायचं, झालं, व्हर्जन १७ पासून ही सोय आहे. सुट्या डॉट सेटिंग फाईल मिळाल्या असतील तर त्या हाताने कॉपी कराव्या लागतात. विंडोजवर युजरच्या ॲपडेटा रोमिंग फोल्डरमध्ये जा, तिथून ब्लॅकमॅजिक डिझाइन, मग डाविंची रिझॉल्व्ह, सपोर्ट, फ्यूजन, टेम्प्लेट्स, एडिट, टायटल्स. शेवटचे दोन-तीन फोल्डर नसतील तर स्वतः बनवा, पण इंग्लिश स्पेलिंग तंतोतंत पाहिजे, एस राहिला तरी टायटल दिसणार नाही. रिझॉल्व्ह रीस्टार्ट केलं की टायटल्सच्या यादीत खाली पॅक दिसतो.

विकत घ्यायच्या आधी एक बघून घ्या, पॅक फ्री व्हर्जनवर चालतो की स्टुडिओ, म्हणजे विकतचं व्हर्जन, लागतं. काही टेम्प्लेटमध्ये स्टुडिओतलेच इफेक्ट वापरलेले असतात, ते फ्री व्हर्जनमध्ये टाकले की पडद्यावर वॉटरमार्क येतो.

पाटी बसवताना

पॅकमधलं खालच्या पट्टीचं एक टायटल ओढून काळारामच्या शॉटवर ठेवा. इन्स्पेक्टरमध्ये दोन टेक्स्ट बॉक्स दिसतील, वरच्यात 'काळाराम मंदिर', खालच्यात 'सत्याग्रह : २ मार्च १९३०', आणि दोन्हींचा फॉन्ट बदला. आता प्ले करण्याआधी थांबा, प्लेहेड अशा जागी न्या जिथे टायटल पूर्ण आलेलं आहे आणि हलत नाहीये, आणि व्ह्यूअर शंभर टक्क्यांवर झूम करून बघा.

सगळ्यात आधी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्लिश टेम्प्लेटमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, त्यामुळे ट्रॅकिंग वाढवलेलं असतं. इंग्लिशला ते छान दिसतं, मराठीत त्याने शिरोरेघेचे तुकडे होतात. शिरोरेघ म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, कपडे सरकवले तरी दोरी अखंड पाहिजे, आणि ट्रॅकिंग वाढवलं की सॉफ्टवेअर दोरीच कापतं. 'का ळा रा म' असं तीन ठिकाणी तुटलेलं टायटल कितीही भारी ॲनिमेट करा, ते चुकीचंच दिसणार. ट्रॅकिंग एकवर आणा, तोच डिफॉल्ट आहे. शब्द रुंद दिसावा असं वाटत असेल तर साईज वाढवा, जाड वजन घ्या किंवा दोन शब्दांत मोकळी जागा जास्त ठेवा, पण अक्षरांच्या मध्ये हात घालू नका. उलट ट्रॅकिंग एकच्या खाली नेलं तर रेघ तुटत नाही पण अक्षरं एकमेकांवर चढतात आणि जाड फॉन्टमध्ये पाठोपाठच्या अक्षरांचे काने चिकटतात, म्हणून तेही टाळा.

मग लाईन स्पेसिंग. इंग्लिश कॅपिटल अक्षरांना वर काही नसतं आणि खाली काही नसतं, त्यामुळे टेम्प्लेटवाले दोन ओळी एकदम जवळ ठेवतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, चंद्र, खाली उकार, ऋकार, पायमोडे. वरच्या ओळीत 'सप्तशृंगी' असेल आणि खालच्या ओळीत वेलांट्या असतील तर ऋकार आणि वेलांटी एकमेकांना भिडतात. एकाच टेक्स्ट बॉक्समध्ये दोन ओळी असतील तर लाईन स्पेसिंग वाढवा, दोन वेगळे बॉक्स असतील तर खालच्याचा सेंटर वाय थोडा खाली ढकला. किती ते आकड्याने ठरवू नका, डोळ्याने ठरवा, सगळ्यात खाली लोंबणारं आणि सगळ्यात वर जाणारं यांच्यात थोडी हवा दिसली पाहिजे. आणि मग सगळ्या पाट्यांना तेवढीच जागा ठेवा, एका पाटीत उकार नाही म्हणून ओळी जवळ घेतल्या असं करू नका, व्हिडिओत पाट्या उड्या मारल्यासारख्या दिसतात.

आता जे सगळ्यात जास्त छळतं ते, मास्क. पट्टीखालून अक्षरं वर येतात किंवा रेघेतून बाहेर पडतात ना, त्या सगळ्या टायटलमध्ये आत एक अदृश्य चौकट असते, चौकटीच्या बाहेरचं काही दिसत नाही, आणि तिची उंची इंग्लिश अक्षराच्या मापाची असते. 'काळाराम मंदिर' टाकलं की 'मं'वरचा अनुस्वार अर्धा उडतो आणि 'दि'ची वेलांटी वरून सपाट कापलेली दिसते. लोकांना वाटतं फॉन्ट खराब आहे. फॉन्टला काही झालेलं नसतं.

दुरुस्ती फ्यूजन पेजवर, म्हणजे रिझॉल्व्हच्या ॲनिमेशनच्या विभागात होते, घाबरायचं कारण नाही. टाइमलाईनवर त्या टायटलवर राईट क्लिक करा, 'ओपन इन फ्यूजन पेज'. तिथे पॅकचा एकच मोठा डबा दिसेल. तो ग्रुप असेल तर सिलेक्ट करून कंट्रोल ई दाबलं की उघडतो आणि आतले सगळे नोड, म्हणजे टायटलचे सुटे भाग, दिसतात. त्यात रेक्टँगल नावाचा मास्क शोधा, त्याची हाईट थोडी थोडी वाढवत न्या, वेलांटी आणि अनुस्वार पूर्ण दिसेपर्यंत, खालचा उकारही दिसला पाहिजे. मग एकदा प्ले करून बघा, कारण मास्क मोठा झाला की अक्षरं लपायची जागा कमी पडते आणि ॲनिमेशन सुरू व्हायच्या आधीच अक्षराचा वरचा भाग डोकावतो. तसं झालं तर टेक्स्टच्या सुरुवातीच्या कीफ्रेमवर (हालचालीची जागा जिथे नोंदवलेली असते त्या फ्रेमवर) जाऊन टेक्स्ट अजून खाली सरकवा. दोन मिनिटांचं काम आहे पण यानेच पाटी पाटीसारखी दिसते.

डबा उघडतच नाही असंही होतं, तेव्हा तो ग्रुप नसून मॅक्रो असतो. त्याची डॉट सेटिंग फाईल नोटपॅडमध्ये उघडा, सुरुवातीलाच मॅक्रोऑपरेटर असा शब्द सापडेल, तो बदलून ग्रुपऑपरेटर करा, वेगळ्या नावाने सेव्ह करा, नवीन नावाचं टायटल वापरा, आता उघडेल. फाईल डीआरएफएक्स असेल तर ती मुळात झिपच असते, कॉपी करून शेवटचं एक्स्टेन्शन झिप करा आणि अनझिप करा, आत सुट्या सेटिंग फाईल मिळतात.

एकेक अक्षर येणारी ॲनिमेशन

पॅकमध्ये निम्मी टायटल अशी असतात की अक्षरं एकापाठोपाठ एक येतात, कोणी पडतं, कोणी फिरत येतं, कोणी धुरकट होऊन येतं. इंग्लिशमध्ये ए बी सी ही सुटी अक्षरंच आहेत त्यामुळे ते शोभतं. 'त्र्यंबकेश्वर' आपल्याला पाच अक्षरांचा शब्द वाटतो, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार असे सगळे वेगळे तुकडे आहेत. ॲनिमेशनने ते तुकडे वेगवेगळे हलवले की आधी त येतो, मग कुठूनतरी अनुस्वार तरंगत येतो, 'के'ची मात्रा अक्षर सोडून भलतीकडेच दिसते. काही टायटलमध्ये तुकडे होत नाहीत, जोडाक्षर अख्खंच हलतं, पण शिरोरेघ तरी तुटतेच आणि जोडताना पायऱ्या पायऱ्या दिसतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मराठी टायटलमध्ये अक्षर हलवू नका, शब्द हलवा किंवा अख्खी ओळ हलवा. टेम्प्लेटमध्ये हे ॲनिमेशन बहुधा फॉलोअर नावाच्या मॉडिफायरने केलेलं असतं. फ्यूजन पेजवर टेक्स्ट नोड निवडा, इन्स्पेक्टरमध्ये मॉडिफायर्स टॅब बघा, तिथे फॉलोअर दिसला तर आधी आतला मजकूर कॉपी करून ठेवा, मग टूल्स टॅबमध्ये येऊन टेक्स्टच्या बॉक्सवर राईट क्लिक करून फॉलोअर काढून टाका आणि मजकूर परत पेस्ट करा.

मग त्याच्या जागी काय? मला सगळ्यात आवडतं ते डावीकडून उजवीकडे उघडणं. मराठी वाचायची दिशा तीच, शिरोरेघ ओढायची दिशा तीच, त्यामुळे शब्द उघडताना कोणीतरी रेघ ओढतंय असं वाटतं आणि 'काळाराम मंदिर' अखंड रेघेने समोर येतं. यासाठी फ्यूजनमध्ये जायची पण गरज नाही. साधं टेक्स्ट प्लस घ्या, एडिट पेजवर इन्स्पेक्टरच्या सेटिंग्ज टॅबमध्ये क्रॉपिंग आहे, प्लेहेड क्लिपच्या सुरुवातीला ठेवा, क्रॉप राईट इतकं वाढवा की पूर्ण शब्द लपेल, शेजारच्या डायमंडवर क्लिक करून कीफ्रेम द्या, मग वीसेक फ्रेम पुढे जाऊन क्रॉप राईट शून्य करा. सॉफ्टनेस थोडा ठेवला तर कड मऊ दिसते. दोन ओळी असतील तर दोन वेगळी टेक्स्ट प्लस घ्या आणि दुसरी पाच-सहा फ्रेम उशिरा सुरू करा, आधी मंदिराचं नाव, मागून तारीख.

टेक्स्ट गोलात फिरवायची पण सोय आहे, लेआउट टॅबमध्ये सर्कल. मंडळाच्या लोगोसाठी बरेच जण वापरतात. वर्तुळ मोठं आणि अक्षर लहान असेल तर चालतं, वर्तुळ लहान असेल तर शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी मोडते आणि वर फटी दिसतात, तेव्हा बघून वापरा.

मागची पट्टी स्वतः बनवा

खरं सांगायचं तर खालच्या पाटीसाठी पॅक लागतोच असं नाही. टेक्स्ट प्लसमधला शेडिंग टॅब फार कमी लोक उघडतात, आणि सगळी गंमत तिथे आहे. त्यात एक ते आठ एलिमेंट आहेत. एक म्हणजे अक्षराचा मूळ रंग, दोन आऊटलाईन, तीन सावली, चार मागची पट्टी, आणि एक सोडून बाकी सगळे बंद असतात. चार निवडा आणि एनेबल करा, अक्षरांमागे निळा डबा येईल. लेव्हलमध्ये टेक्स्ट निवडलं तर दोन्ही ओळींना मिळून एक पट्टी, लाईन निवडलं तर प्रत्येक ओळीला तिची वेगळी, शब्दाच्या लांबीप्रमाणे आपोआप लहानमोठी होते. एक्स्टेंड हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल वाढवून मात्रांना आणि उकारांना भरपूर जागा द्या, राऊंडने कोपरे गोल होतात. निळा रंग बदला, काळारामच्या काळ्या दगडावर गडद मरून किंवा हळदीसारखा पिवळा छान दिसतो, रामकुंडाच्या शॉटवर पाण्याची चमक असते तिथे गडद पट्टी आणि पांढरी अक्षरंच टिकतात.

आऊटलाईनबद्दल थोडं. पिवळी अक्षरं आणि जाड काळी किनार हा जुना हमखास प्रकार आहे, पण देवनागरीत अक्षरांच्या आतल्या जागा आधीच लहान असतात, क्ष, ज्ञ, श्व, ष्ठ बघा. किनार जाड केली की त्या बुजतात आणि मोबाईलवर नुसता काळा ठिपका दिसतो. किनारीऐवजी तीन नंबरची सावली चालू करा, सॉफ्टनेस वाढवा, ऑफसेट कमी ठेवा, अक्षर उठून पण दिसतं आणि वाचता पण येतं. शनी चौकातल्या रहाडीचा, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाचा, रंगपंचमीचा शॉट असेल, जिथे मागे सगळेच रंग उडतायत, तिथे मात्र सावली पुरत नाही, पट्टी लावाच.

लांबी कमी केली की शेवट गायब

पाटी पाच सेकंदांची होती, तुम्ही ती ओढून तीन सेकंदांची केली आणि जाण्याचं ॲनिमेशनच दिसेना, पाटी खटकन गायब होते. याचं कारण टेम्प्लेटमध्ये कीफ्रेम ठरावीक फ्रेमला बांधलेल्या असतात. काही पॅकमध्ये कीफ्रेम स्ट्रेचर किंवा ॲनिम कर्व्ह्ज वापरलेले असतात, त्यात क्लिप कितीही लांब केली तरी येणं-जाणं जागेवर राहतं. पॅक निवडताना डेमोपेक्षा ही गोष्ट तपासा. आपल्या पॅकमध्ये ते नसेल तर फ्यूजन पेजवर शेवटी मीडियाआऊटच्या आधी कीफ्रेम स्ट्रेचर नोड जोडा आणि स्ट्रेच स्टार्ट, स्ट्रेच एंड असे ठेवा की मधला स्थिर भागच ताणला जाईल.

पाटी किती वेळ ठेवायची? मी मनातल्या मनात नाही, तोंडाने सावकाश दोनदा वाचतो, तेवढा वेळ. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचता आलं पाहिजे.

पीसी साधा असेल तर टायटल आली की प्लेबॅक अडखळतो. प्लेबॅक मेनूमध्ये रेंडर कॅश स्मार्टवर ठेवा आणि जरा थांबा, वरची लाल रेघ निळी झाली की स्मूद चालतं. त्याच मेनूत टाइमलाईनचं प्लेबॅक रिझॉल्यूशन हाफ केलं तरी फरक पडतो, पण मात्रा नीट आहेत का ते बघताना परत फुल करा.

एकदा बसलेली पाटी जपून ठेवा

एवढी मेहनत प्रत्येक व्हिडिओला परत नको. जमलेली टेक्स्ट प्लसची क्लिप टाइमलाईनवरून उचलून पॉवर बिनमध्ये टाका. पॉवर बिन दिसत नसेल तर मीडिया पूलच्या तीन टिंबांमध्ये 'शो पॉवर बिन्स' आहे. त्यातली क्लिप त्याच प्रोजेक्ट लायब्ररीतल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये दिसते, ओढायची, मजकूर बदलायचा, झालं. त्याच व्हिडिओत पुढची पाटी हवी असेल तर आल्ट दाबून क्लिप ओढा, कॉपी तयार, 'काळाराम मंदिर'च्या जागी 'सीता गुंफा' लिहा, पुढे 'तपोवन', सगळ्यांची जागा आणि साईज एकसारखी राहते.

मित्राला द्यायची असेल तर फ्यूजन पेजवर नोड सिलेक्ट करून राईट क्लिक, मॅक्रो, क्रिएट मॅक्रो, जे कंट्रोल बाहेर दिसायला हवेत त्यांच्यापुढे टिक करा, मजकूर, फॉन्ट, साईज, रंग एवढे पुरेत, आणि वर सांगितलेल्या टायटल्स फोल्डरमध्ये सेव्ह करा. फाईल देताना फॉन्टची फाईल पण सोबत द्या, नाहीतर त्याच्याकडे उघडल्यावर दुसराच फॉन्ट येईल.

काहीच जमलं नाही तर

पीसी जुना आहे, व्हर्जन अपडेट होत नाही, जोडाक्षरं फुटतातच, तरी मराठी सोडू नका. इंकस्केप फुकट आहे, त्यात देवनागरी व्यवस्थित येते. तिथे पाटी लिहा, पाथ मेनूमधून ऑब्जेक्ट टू पाथ करा म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्टवर अवलंबून राहत नाही, आणि एसव्हीजी सेव्ह करा. रिझॉल्व्हमध्ये फ्यूजन पेजवर असताना फ्यूजन मेनूत इम्पोर्ट, त्यात एसव्हीजी. अक्षरं जशीच्या तशी येतात. ते पण किचकट वाटलं तर पारदर्शक पीएनजी एक्स्पोर्ट करून इमेजसारखी टाइमलाईनवर टाका, मोठ्या साईजची घ्या म्हणजे झूम केली तरी फाटणार नाही, आणि वरचा क्रॉपवाला प्रकार त्या इमेजवर पण तसाच चालतो.

प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्सवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रेफरन्सेसमध्ये, प्रीमियरला ग्राफिक्सखाली आणि आफ्टर इफेक्ट्सला टाईपखाली, टेक्स्ट इंजिन 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडायचं आणि मग नवीन टेक्स्ट लेअर घ्यायचा. ट्रॅकिंग, मास्क आणि अक्षर न हलवणं हे सगळं तिथेही जसंच्या तसं लागू आहे.

एक्स्पोर्टच्या आधी

व्ह्यू मेनूमधून सेफ एरिया चालू करून पाट्या आतल्या चौकटीत आहेत का बघा. रील असेल, म्हणजे १०८० बाय १९२० ची टाइमलाईन, तर पाटी खाली ठेवूच नका, तिथे ॲपचं कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, पाटी मध्याच्या थोडी खाली घ्या.

नावं मात्र स्वतःच्या भरवशावर लिहू नका. लग्नाचा व्हिडिओ असेल तर पत्रिकेचा फोटो मागवा आणि तसंच्या तसं उतरवा, नवरदेवाला चि. आणि नवरीला चि. सौ. कां., घरातलं कोणी वारलेलं असेल तर कै. लावलंय का, कीर्तनकार असतील तर ह.भ.प. आहे का, आडनावात ऱ्हस्व की दीर्घ. टायटलचे स्क्रीनशॉट काढून घरातल्या एका जबाबदार माणसाला पाठवा आणि त्यांचं 'बरोबर आहे' असं उत्तर आल्याशिवाय फायनल एक्स्पोर्ट लावू नका. वेलांटी आपण जागेवर आणली आणि नावच चुकलं तर त्या घरात तो व्हिडिओ दर वेळी त्या चुकीसकट बघितला जातो.

मग पाट्यांच्या भागाची छोटी क्लिप काढून मोबाईलवर घ्या, ब्राइटनेस कमी करून हात लांब धरून बघा. खालच्या ओळीतलं '१९३०' आणि वरच्या ओळीतला 'मं'चा अनुस्वार दोन्ही दिसत असतील तर पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा. फ्री व्हर्जनमध्ये ३८४० बाय २१६० पर्यंत काढता येतं, यूट्यूबसाठी तेवढं भरपूर आहे.